तीनशे दोनचे कैदी

भारतीय दंड संहितेतील कलम ३०२ हे १ जुलै २०२४ पासून मागे पडले आणि खुनाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये गेली, तरी एकशे साठहून अधिक वर्षे पोलीस ठाण्यात, कोर्टाच्या आवारात आणि तुरुंगाच्या बराकीत रुळलेला ‘तीनशे दोन’ हा आकडा बोलण्यातून इतक्यात जाणार नाही. एखादा माणूस ‘तीनशे दोनमध्ये आत आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एक ठरावीक चेहरा उभा राहतो, आणि तो चेहरा बहुधा सिनेमातून किंवा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आलेला असतो. प्रत्यक्षात त्या एका आकड्याखाली दारूच्या नशेत शेजाऱ्याच्या डोक्यात पाटा घालणारा मजूर, बायकोवरच्या संशयाने आतल्या आत जळत राहिलेला कारकून, टोळीच्या सांगण्यावरून ‘गेम’ करणारा वीस वर्षांचा मुलगा, पैशासाठी थंड डोक्याने बेत आखणारा सुशिक्षित तरुण आणि कानात येणाऱ्या आवाजांच्या हुकमाने हत्यार उचलणारा रुग्ण, असे सगळेच एकत्र कोंबलेले असतात. कायदा कृत्य आणि त्यामागचा उद्देश पाहून कलम लावतो. ज्या मनातून ते कृत्य घडले, त्या मनाची वर्गवारी कलमात नसते, आणि शिक्षा लागल्यावर तुरुंगही ती फारशी करत नाही. या प्रकरणात त्या मनाचा विचार करायचा आहे आणि तो नागपूरच्या, विशेषतः कळमन्याच्या बाजूने करायचा आहे.

कळमना हा नागपूरच्या पूर्वेकडचा भाग. कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड येथे आहे आणि धान्य, मिरची, संत्री, भाजीपाला यांच्या घाऊक व्यापारामुळे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या तोंडी हे नाव कायम असते. अडते, मापारी, हमाल, ट्रकचालक, बाहेरगावाहून कामासाठी आलेली तरुण माणसे आणि यार्डाभोवती वाढत गेलेल्या वस्त्या मिळून येथील जीवन बनले आहे. येथे घडलेल्या खुनाचा तपास कळमना पोलीस ठाणे करते, खटला जिल्हा व सत्र न्यायालयात चालतो आणि आरोपीची पोलीस कोठडी संपली की त्याची रवानगी शहराच्या दुसऱ्या बाजूला, वर्धा मार्गावरील मध्यवर्ती कारागृहात होते. तेथे तो आधी ‘कच्चा कैदी’ म्हणजे न्यायाधीन बंदी असतो आणि शिक्षा झाली तरच ‘पक्का’, म्हणजे सिद्धदोष बंदी ठरतो. हा फरक नीट ध्यानात ठेवायला हवा, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत असलेल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन, न्यायाधीन होते. खुनाच्या आरोपाखाली आत असलेला प्रत्येक माणूस खुनी नसतो, आणि पुढे जेथे ‘खुनी’ हा शब्द येईल तेथे गुन्हा सिद्ध झालेला माणूसच अभिप्रेत आहे.

खून कशासाठी होतात, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत पाहिले तर सिनेमातला चेहरा लगेच पुसट होतो. याच विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांतील ९,९६२ गुन्ह्यांमागे ‘वाद’ हे कारण होते, ३,७६१ गुन्ह्यांमागे वैयक्तिक वैर, आणि आर्थिक लाभासाठी केलेले खून होते १,८८४. म्हणजे पैशासाठी एक खून होतो तेव्हा भांडणातून पाच होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार खुनाच्या संशयितांत सुमारे ९० टक्के पुरुष असतात, आणि मारल्या जाणाऱ्यांतही बहुसंख्य पुरुषच असतात. थोडक्यात, खून ही प्रामुख्याने पुरुषांनी पुरुषांवर, ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसावर, भांडणाच्या ओघात केलेली गोष्ट आहे.

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ मार्व्हिन वोल्फगँग यांनी फिलाडेल्फिया शहरातील १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांच्या पोलीस नोंदी तपासून १९५८ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात हे प्रथम पद्धतशीरपणे मांडले गेले. त्यांच्या हिशेबात सुमारे एकचतुर्थांश प्रकरणांत पहिला हात किंवा पहिले हत्यार मृतानेच उगारले होते. बाहेरच्याला ज्या कारणाची किंमत शून्य वाटते, उदाहरणार्थ एखादी शिवी, लागलेला धक्का, उधारीचे शे-दोनशे रुपये किंवा नुसते रोखून पाहणे, त्या कारणावरून माणूस मारला जातो, तेव्हा ‘क्षुल्लक कारणावरून खून’ अशी बातमी येते. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या कॅनडातील संशोधकांनी १९८८ मध्ये नेमके या ‘क्षुल्लक’ शब्दावरच बोट ठेवले. त्यांच्या मते भांडण त्या शे-दोनशे रुपयांचे नसतेच. चार लोकांसमोर कोण नमते आणि कोण नाही, याचे ते असते, आणि ज्या तरुणाकडे शिक्षण, मालमत्ता, पद यांपैकी काहीच नाही, त्याच्याजवळ गमावण्यासारखी एवढी एकच वस्तू उरलेली असते. नागपुरात यासाठी ‘खुन्नस’ हा शब्द आहे आणि तो कोणत्याही पारिभाषिक संज्ञेपेक्षा नेमका आहे: राग ओसरतो, पण खुन्नस धरून ठेवली जाते.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील तुरुंगांत अनेक वर्षे काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जेम्स गिलिगन यांनी हीच गोष्ट आतून पाहिली. अत्यंत हिंस्र समजल्या जाणाऱ्या कैद्यांशी दीर्घ काळ बोलल्यावर त्यांना आढळले की कृत्यामागे जवळजवळ नेहमीच लाज असते, आणि तिची सर्वांत मोठी लाज अशी की इतक्या लहानशा गोष्टीची आपल्याला लाज वाटली हेच त्या पुरुषाला कबूल करता येत नाही. ‘अपमान झाला’ असे म्हणण्यापेक्षा ‘डोके फिरले’ असे म्हणणे त्याला सोपे जाते. पुरुषाने रडू नये, मार खाऊन घरी येऊ नये, बायकोचे ऐकू नये असे ज्याला लहानपणापासून शिकवले गेले, त्याच्या हाती दुःख, भीती आणि लाज या तिन्हींसाठी राग हे एकच चलन उरते. सगळे पुरुष या शिकवणुकीतून जातात आणि फार थोडे खून करतात, हे खरेच; पण जे करतात त्यांच्या बोलण्यात ही शिकवण वारंवार ऐकू येते.

मानसशास्त्र हिंसेचे दोन ढोबळ प्रकार मानते. डिवचल्यावर, भीतीने किंवा संतापाने उसळणारी ती प्रतिक्रियात्मक हिंसा. आणि पैसा, सत्ता, पुरावा नष्ट करणे अशा हेतूसाठी साधन म्हणून वापरलेली ती साधनरूप हिंसा. कायद्यालाही हा फरक जुन्या काळापासून ठाऊक आहे. ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ झाला असेल तर मनुष्यवध खून ठरत नाही, असा अपवाद दंड संहितेत होता आणि नव्या संहितेतही आहे. मुंबईच्या नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये या अपवादाची कसोटी घालून दिली: आरोपीने दुपारी दीडच्या सुमारास घर सोडले आणि गोळ्या झाडल्या त्या चार वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे मन ताब्यात येण्याइतका वेळ मध्ये गेला होता, आणि म्हणून तो खूनच ठरला. वेळेचा हा हिशेब न्यायालयाला आवश्यकच असतो, पण मनाचे घड्याळ त्याप्रमाणे चालतेच असे नाही. काही माणसांचा राग तीन तासांत निवत नाही, उलट तो घोटला जातो. एकांतात तोच प्रसंग पुन्हापुन्हा आठवून प्रत्येक वेळी तो थोडा अधिक अपमानास्पद होत जातो.

एडविन मेगार्गी यांनी १९६६ मध्ये मांडलेली ‘अतिनियंत्रित’ माणसाची कल्पना येथे उपयोगी पडते. त्यांना असे आढळले की अतिशय क्रूर हल्ला करणाऱ्यांत एक गट नेहमी मारामाऱ्या करणाऱ्यांचा, म्हणजे स्वतःवर ताबा नसणाऱ्यांचा असतो, तर दुसरा गट अगदी उलट, कधी आवाजही न चढवणाऱ्या, सगळे गिळून टाकणाऱ्या माणसांचा असतो. या दुसऱ्या माणसाचा बांध एकदाच फुटतो, पण फुटतो तेव्हा एक घाव पुरत नाही, वीस-पंचवीस घातले जातात. ‘तो तर गाय होता हो’ असे शेजारी पोलिसांना सांगतात ते खोटे नसते. घरातल्या माणसाचा, विशेषतः पत्नीचा, खून करणाऱ्यांत असा माणूस आढळतो. तुरुंगात गेल्यावर तो आदर्श बंदी ठरतो, आणि त्याच्या शांतपणालाच सुधारणा समजण्याची चूक तेथे होऊ शकते, कारण तो शांत आधीही होताच.

पहिल्या गटाच्या बाबतीत दारूचा उल्लेख टाळता येत नाही. दारूने माणूस हिंस्र होतो असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये दिलेले स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. नशेत लक्षाचा परीघ आकसतो, समोरचे आणि आत्ताचे तेवढेच दिसते. समोर शिवी असेल तर शिवीच दिसते, आणि घरी वाट पाहणारी मुले, उद्याचा दिवस, पोलीस, फाशी हे सगळे त्या परिघाबाहेर पडते. नशा उतरल्यावर ते सगळे एकदम परत येते आणि म्हणूनच अशा गुन्ह्यातला आरोपी कित्येकदा मृतदेहाजवळच बसलेला सापडतो किंवा स्वतःहून पोलीस ठाण्यात चालत जातो.

एकट्याने जे कृत्य कधीच केले नसते ते माणूस चौघांत करतो, याचे महाराष्ट्रातील सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण पुण्याचे जोशी-अभ्यंकर हत्याकांड हे आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी दहा जणांचे बळी घेतले. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मित्र होता. पुढे रात्री घरांत शिरून कुटुंबेच्या कुटुंबे नायलॉनच्या दोरीने गळा आवळून मारली गेली. हाती लागलेला ऐवज आणि कृत्याचे भीषणपण यांचे प्रमाण लावू गेले तर लागत नाही. त्यांतील मुनव्वर शाह याने तुरुंगात ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन लिहिले, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात चौघांना फाशी देण्यात आली. अशा गटात म्होरक्याचा धाक असतो, पण त्याहून मोठा धाक मागे हटलो तर भित्रा ठरू याचा असतो. आणि पहिला खून झाला की तो सगळ्यांना एकमेकांशी बांधून टाकतो, कारण आता प्रत्येक जण दुसऱ्याचा साक्षीदार झालेला असतो. शहरांतील टोळ्या नव्या मुलाच्या हातून आधी एखादा ‘हाफ मर्डर’ म्हणजे जीवघेणा हल्ला घडवून आणतात, त्यामागचे गणितही हेच असते: गुन्हा हेच सभासदत्वाचे शुल्क. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की बहुतेक मुलांची गुन्हेगारी किशोरवयापुरती असते आणि वय वाढले की आपोआप गळून पडते, मोजक्यांचीच लहानपणापासून म्हातारपणापर्यंत टिकते. टोळीतल्या मुलाचे दुर्दैव असे की जे वेड दोन-चार वर्षांत ओसरले असते त्याच्या ऐन भरात त्याच्या हातून असे काही होऊन बसते, जे ओसरत नाही.

साधनरूप हिंसेचा घाव नागपूरकरांच्या मनात फार खोल आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये खंडणीसाठी पळवलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा मृतदेह काही दिवसांनी कळमना भागातील एका अर्धवट बांधकामात सापडला. गुन्हेगार मुलाच्या ओळखीतला तरुण निघाला आणि त्याला जन्मठेप झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये लकडगंज परिसरातून आणखी एका आठ वर्षांच्या मुलाचे अपहरण आणि खून झाला. त्यातील एक आरोपी मुलाच्या वडिलांकडे पूर्वी नोकरीला होता. या दुसऱ्या खटल्यात दोघांना झालेली फाशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कायम केली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून माफीविना पंचवीस वर्षांचा कारावास दिला. दोन्ही गुन्ह्यांत मूल ओळखीच्या माणसाबरोबर विश्वासाने गेले. अशा खुनात संताप जवळजवळ नसतो. मूल ओळखते म्हणून ते जिवंत ठेवणे परवडणार नाही, असा हिशेब असतो, आणि तो हिशेब करू शकणारे मन समजून घेणे हे संतापी मन समजून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यातही शुद्ध लोभ क्वचितच सापडतो. नोकरीतला सल, आपल्याला कमी लेखले गेल्याची भावना, झटपट श्रीमंत दिसण्याची घाई हे लोभाच्या खाली दबलेले असतात, म्हणून प्रतिक्रियात्मक आणि साधनरूप ही विभागणी अभ्यासासाठी सोयीची असली तरी एकाच माणसात दोन्ही धागे निघू शकतात.

येथे ‘सायकोपाथ’ हा शब्द हमखास उच्चारला जातो, आणि तो सैल वापरला जातो. हर्व्ही क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये ज्याचे वर्णन केले आणि रॉबर्ट हेअर यांनी ज्यासाठी वीस मुद्द्यांची, चाळीस गुणांची मोजपट्टी तयार केली, ती ही अवस्था म्हणजे वेड नव्हे; भ्रम नसतात, भान शाबूत असते, पण दुसऱ्याच्या वेदनेने हलण्याची क्षमता आणि स्वतःच्या कृत्याची टोचणी यांचा अभाव असतो. मायकेल वुडवर्थ आणि स्टीफन पोर्टर यांनी २००२ मध्ये कॅनडातील १२५ खुनी कैद्यांची कागदपत्रे अभ्यासली, तेव्हा या मोजपट्टीवर वरच्या टोकाला असलेल्यांचे ९३ टक्क्यांहून अधिक खून साधनरूप निघाले, तर इतरांचे निम्म्याच्या आसपास. यावरून प्रत्येक थंड डोक्याचा खुनी या वर्गातला ठरत नाही. परदेशांतील तुरुंगांच्या पाहण्यांत ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’ जवळजवळ निम्म्या पुरुष कैद्यांत नोंदला गेला आहे, पण त्या निदानाच्या कसोट्यांत कायदा मोडणे हीच एक कसोटी असल्याने तुरुंगात ते निदान भरपूर मिळणार हे उघड आहे, आणि म्हणून त्या आकड्याने फार हुरळून जाऊ नये.

खरा मनोविकार ही निराळी गोष्ट आहे. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या गरिबांना लोखंडी हत्याराने ठार मारणाऱ्या रामन राघवला पोलीस उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्या पथकाने पकडले. त्याच्या बाजूने असे मांडले गेले की आपण मारतो आहोत हे त्याला कळत होते, परंतु ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे हे आजारामुळे कळत नव्हते. दंड संहितेच्या कलम ८४ चा बचाव नेमका या वाक्यावर उभा असे. सत्र न्यायालयाने तो नाकारून १९६९ मध्ये फाशी सुनावली. पुढे तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तीव्र, असाध्य स्किझोफ्रेनिया असल्याचा निर्वाळा दिला, शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात किडनीच्या विकाराने तो मरण पावला. असे रुग्ण खुनी कैद्यांत थोडे असतात. न बोलता सोसला जाणारा आजार मात्र मोठ्या प्रमाणात असतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तेथील मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ बंद्यांची तपासणी केली, तेव्हा व्यसने वगळूनही २७.६ टक्के बंद्यांत मानसिक आजाराचे निदान झाले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट ३९ए’ने २०२१ मध्ये पाच राज्यांतील फाशीच्या ८८ कैद्यांवर प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे प्रमाण साठ टक्क्यांच्या वर होते. यांतले किती आधीच आजारी होते आणि किती जण फाशीच्या छायेत आजारी पडले, हे वेगळे काढणे अवघड असते; दोन्ही कारणे असतात.

तुरुंगाचे दार बंद झाल्यावर या सगळ्या वेगवेगळ्या मनांना एकच जीवन मिळते. ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये त्या जीवनातील पाच वंचना सांगितल्या: स्वातंत्र्य, वस्तू व सोयी, स्त्रीसहवास, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आणि सुरक्षितता. पाचवी सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. ज्यांच्यापासून समाजाचे रक्षण करायचे म्हणून माणसाला आत टाकले, त्यांच्याच सोबतीत त्याला रात्र काढायची असते. २०११ च्या त्या बालहत्येत जन्मठेप भोगणारा तरुण सप्टेंबर २०१७ मध्ये नागपूरच्याच कारागृहात सहबंद्याच्या हल्ल्यात मारला गेला. जगभरच्या तुरुंगांत लहान मुलांविरुद्ध गुन्हे करणारे तळाशी धरले जातात. टोळीचा माणूस वर असतो, बायकोचा खून करणारा कुठेतरी मधे, आणि या उतरंडीत दुसऱ्याला खाली ढकलून स्वतःला थोडे वर समजण्याची सोय प्रत्येकाला असते. डोनाल्ड क्लेमर यांनी १९४० मध्ये ज्याला ‘तुरुंगीकरण’ म्हटले ते हेच: आतले कायदे, आतली भाषा, आतली निष्ठा अंगात मुरणे. मुलाकतीला येणारी माणसे पहिल्या वर्षी आई, बायको, भाऊ अशी असतात. पुढे ती कमी होत जातात, आणि आई गेली की कित्येकांची मुलाकत संपते.

आपल्या कृत्याविषयी हे पुरुष काय सांगतात, हा या विषयाचा गाभा म्हणता येईल. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये दोष बोथट करण्याच्या ज्या पद्धती सांगितल्या त्या मराठीत सहज ओळखू येतात. ‘दारू पिऊन होतो’ म्हणजे जबाबदारी नाकारणे. ‘त्याचीच चूक होती’ म्हणजे मृताला मृताचे स्थान नाकारणे. ‘पोलीस कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत’ म्हणजे दोष देणाऱ्यालाच दोषी ठरवणे. ‘भावासाठी केले’ म्हणजे मोठ्या निष्ठेकडे बोट दाखवणे. अनेक देशांतील पाहण्यांत खुनाचे सुमारे वीस ते तीस टक्के गुन्हेगार घटनेचा काही भाग आठवत नसल्याचे सांगतात. त्यात लबाडी असते तशी नशाही असते आणि स्वतःच्या हातून घडलेले पाहणे मनाला न सोसवणेही असते. उलट काहींना तेच दृश्य वर्षानुवर्षे झोपेतून उठवते. अपील चालू असेपर्यंत तर खरे बोलण्याला शिक्षाच असते, कारण कबुली हा पुरावा ठरेल अशी भीती असते. त्यामुळे अपराधाची खरी जाणीव, आली तर, शिक्षा कायम झाल्यानंतर, कित्येकदा पाच-सात वर्षांनी येते, आणि नेमक्या त्या वेळी तिच्याशी बोलायला प्रशिक्षित माणूस जवळ असणे महत्त्वाचे असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने प्रत्येक राज्यात निदान एका कारागृहात मानसिक आरोग्य विभाग असावा असे सांगितले आहे. ‘निदान एक’ ही अपेक्षा फारच लहान आहे.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा समज बराकीत आणि बाहेरही घट्ट आहे. गोपाळ विनायक गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य, आणि माफी देणे हा शासनाचा अधिकार आहे, कैद्याचा हक्क नव्हे. फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात चौदा वर्षांपूर्वी सुटका नाही, असा नियम फौजदारी प्रक्रिया संहितेत १९७८ मध्ये आला. लोकांनी त्या किमान मर्यादेलाच शिक्षेचा शेवट मानले. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशीपूर्वी माणूस सुधारू शकत नाही हे शासनाने दाखवावे असे म्हटले, आणि त्यासाठी आरोपीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन व तुरुंगातील वर्तनाचा अहवाल खटल्याच्या टप्प्यावरच मागवण्याचा दंडक मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने २०२२ मध्ये घातला. बेचाळीस वर्षे या दोन निकालांमध्ये गेली.

सुधारणा ओळखायची कशी, याला मात्र सोपे उत्तर नाही. नागपूर कारागृहात तेव्हा जन्मठेप भोगत असलेला मुंबईचा टोळीप्रमुख अरुण गवळी गांधीविचारांच्या परीक्षेत ८० पैकी ७४ गुण मिळवून पहिला आला, ही २०१८ मधील बातमी देशभर छापली गेली. त्या गुणांवरून अभ्यास कळतो, मन कळत नाही. अमेरिकेतील १९९४ मध्ये सुटलेल्या कैद्यांच्या सरकारी पाहणीत खुनासाठी शिक्षा भोगलेल्यांपैकी १.२ टक्के लोकांना तीन वर्षांत पुन्हा मनुष्यवधाच्या आरोपाखाली अटक झाली, जी चोरी-घरफोडीच्या गुन्हेगारांच्या पुनरावृत्तीच्या तुलनेत अगदी कमी आहे. भांडणातून खून करणाऱ्याच्या आयुष्यात तो प्रसंग बहुधा एकदाच येतो, आणि वयाची चाळिशी ओलांडल्यावर ज्याला खुन्नस म्हणत त्यातला जोर गेलेला असतो.

महाराष्ट्राने यावर एक धाडसी प्रयोग स्वातंत्र्याच्या आधीच केला होता. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंतींविना वसाहत उभी राहिली, जेथे खुनासारख्या गुन्ह्यातील कैदी शेती करून राहू लागले, पुढे कुटुंबासह. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. विदर्भात मोर्शी येथे खुले कारागृह आहे. अशा ठिकाणी माणूस सकाळी स्वतः उठतो, पिकाला पाणी देतो, मजुरी मिळवतो; निर्णय घेण्याची जी सवय बराकीत मरते ती येथे टिकते. मात्र खुल्या कारागृहात येण्याआधी बंद कारागृहात चांगले वर्तन दाखवावे लागते, आणि वर सांगितलेला अतिनियंत्रित माणूस ही परीक्षा सहज उत्तीर्ण होतो, तर अपमान सहन न होणारा तरुण पहिल्याच भांडणात नापास होतो, जरी मदतीची गरज त्याला अधिक असली तरी.

दरम्यान, नियमांनुसार संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर कैदी काही दिवसांसाठी घरी येतो. अर्ज केल्यावर स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो, जामीनदार द्यावा लागतो. वाद आणि वैर यांतून होणारे खून शेजारीपाजारीच होत असल्याने कळमन्यासारख्या वस्तीत मारणाऱ्याचे आणि मेलेल्याचे घर एकाच गल्लीत असणे अगदी शक्य असते, आणि रजेवर आलेला माणूस दूध आणायला निघाला तरी त्याला त्या दारावरून जावे लागते. तेथे काय बोलायचे, मान खाली घालायची की नजर द्यायची, समोरून शिवी आली तर काय करायचे, याची तयारी त्याच्याकडून कोणी करून घेतलेली नसते. आणि त्या दारात बसलेल्या बाईला तो आज येणार आहे हे कोणी सांगितलेले नसते.